बॅटरी होडीत घालण्याआधी



सिंगापूरच्या ईशान्येला जोहोरच्या सामुद्रधुनीत पुलाउ उबीन नावाचं बेट आहे. जेमतेम १० चौरस किलोमीटरचं. इथल्या खाणींतला ग्रॅनाइट हॉर्सबर्ग दीपगृहाला लागला, ते दीपगृह १८५१ साली सुरू झालं. खाणी आता बंद आहेत. पण ऐकून नवल वाटेल, सिंगापूरच्या विजेच्या जाळ्याला हे बेट जोडलेलंच नाही. धक्क्याजवळच्या वस्तीसाठी २०१३ साली सौरऊर्जेचा वापर करणारी छोटी वीजयंत्रणा प्रयोग म्हणून उभी राहिली. बाकी डिझेल जनरेटरची धडधड.

आता समजा, अशा ठिकाणी, बसून चालवायच्या गवतकापणी यंत्राची बॅटरी चार्ज होत नाही. आपण काय म्हणतो? ‘बॅटरी गेली.’ आणि नवी आणायला निघतो. उबीनवर निघायचं म्हणजे १२ माणसांच्या बमबोटीत, म्हणजे छोट्या होडीत, बसून सिंगापूरच्या मुख्य बेटावरच्या चांगी पॉइंटला जायचं आणि आठ-दहा किलोचं धूड घेऊन परत यायचं. एवढं करून नवीही चार्ज झाली नाही तर? म्हणून बॅटरीवर आळ घ्यायचा तो सगळ्यांत शेवटी. तुमचं यंत्र बार्शीत असो की बेळगावात, तपासाचा क्रम हाच.

सुरुवात विजेपासून. जुना जनरेटर भार आला की दम टाकतो. त्यातून लांबलचक, बारीक वायर ओढली असेल तर चार्जरपर्यंत पुरेसा व्होल्टेज पोहोचतच नाही. तेव्हा चार्जर चालू असताना त्याच प्लगजवळ मीटर लावून बघा.

मग टर्मिनल. खारी, दमट हवा आणि ॲसिडची वाफ, दोन्ही मिळून तिथं पांढरट-हिरवट थर धरतात. आधी निगेटिव्ह वायर सोडवा, मग पॉझिटिव्ह. सोड्याच्या पाण्यानं धुवा, पण ते पाणी झाकणांतून आत जाऊ देऊ नका. ब्रशनं घासा, कोरडं करून घट्ट आवळा. निगेटिव्ह वायर सांगाड्याला जिथं बोल्टनं जोडलेली असते ती जागाही खरवडा. तिथल्या गंजाकडे कुणाचं लक्ष जात नाही. फ्यूज बघायला तर मिनिटही लागत नाही.

आता मीटर बॅटरीवर. चार्जिंगनंतर काही तास विसावलेली चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. रात्रभर चार्ज करूनही काटा १०.५ वरच अडला, तर हिशोब सोपा आहे: आत सहा सेल, प्रत्येकी २.१ व्होल्ट; त्यातला एक मेला. मग मात्र होडी गाठावीच लागते.

आकडा त्याहून फारच खाली असेल तर गंमत होते. हल्लीचे स्वयंचलित चार्जर समोर काही व्होल्ट दिसल्याशिवाय कामालाच लागत नाहीत. बॅटरी इतकी रिकामी, की चार्जरला ती दिसतच नाही! अशा वेळी चांगली १२ व्होल्टची बॅटरी काही मिनिटं समांतर जोडतात, पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, निगेटिव्हला निगेटिव्ह. चार्जरनं ओळख धरली की काढून घेतात. फुगलेल्या, तडकलेल्या बॅटरीवर मात्र हा प्रयोग नको. आणि जवळ विडी-काडी मुळीच नको, बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

चार्जरवर बॅटरी भरते, पण यंत्र चालवून पुन्हा उतरते? मग दोष इंजिनाकडचा. इंजिन जोरात फिरत असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. साडेबारावरच अडलं असेल तर स्टेटर, म्हणजे वीज तयार करणारी वेटोळी, किंवा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय. त्यातही रेग्युलेटरचा बोल्ट आधी सोडवून त्याखालचा गंज काढा. बऱ्याच रेग्युलेटरांना अर्थिंग त्या बोल्टातूनच मिळतं. उलट आकडा १५च्या वर गेला तर बॅटरीतलं पाणी आटणार.

आता पाण्याचं. कुणी ‘ॲसिड बदलून देतो’ म्हणालं तर हात जोडा. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर शिशाचं सल्फेट धरतं. लगेच चार्ज केली तर ते विरघळतं. महिनोन्‌महिने तशीच पडली तर त्याचे कडक खडे बनतात आणि प्लेट निकामी होते. ॲसिड बदलून खडे जात नाहीत. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं, तेही प्लेटा बुडतील इतपत. खुणेपर्यंत भरायचं ते चार्ज झाल्यावर.

उष्णता वाढली की बॅटरी पडल्यापडल्या लवकर उतरते. सिंगापुरात बारा महिने उकाडा, आपल्याकडे मराठवाड्यातला मे महिना, त्रास एकच. यंत्र उभं ठेवायचं असेल तर निगेटिव्ह वायर काढून ठेवा आणि महिन्याकाठी एकदा चार्ज करा.

इतकं करूनही नवीच घ्यावी लागली, तर जुनी झाडीत टाकू नका. टर्मिनलांवर चिकटपट्टी लावून, उभी ठेवून ती परत न्या. आपल्याकडे जुनी बॅटरी परत घेण्याचे नियम २००१ पासून आहेत. दुकानदाराला देताना तिची किंमत नव्या बिलातून वजा करून घ्या.