थट्टेच्या आड: भौतिकी आणि मनातली गोष्ट



या व्याख्यानमालेत आजवर संतांवर, शाहिरांवर, नाटककारांवर व्याख्याने झाली. मी आयुष्यभर भौतिकी शिकवली. तेव्हा मंडळाच्या चिटणिसांनी विषय विचारला, तेव्हा मी थोडा चाचरतच म्हणालो, ‘विज्ञानाच्या मुलांची प्रेमाविषयीची थट्टा.’ ते हसले आणि म्हणाले, ‘सर, विषय हलका नाही ना होणार?’ तो किती हलका आहे, ते आपणच शेवटी ठरवावे.

सत्तरच्या दशकात आम्ही पाच-सहा मित्र इथेच बी. एस्सी. करत होतो. वर्गात मुली तीन, त्या पहिल्या बाकावर. आम्ही शेवटच्या. आमच्यापैकी एकाचे मन त्या तिघींपैकी एकीवर जडले होते. ती मराठीच, ओळखीच्या घरातली. नाव सांगणार नाही. आपल्यापैकी काही जण त्या घराला ओळखत असतील.

आता ही गोष्ट बोलायची कशी? आमची अडचण भाषेची होती. हिंदीत बोलावे तर सिनेमाचा संवाद वाटे. इंग्रजी ही पुस्तकाची आणि परीक्षेची भाषा. आणि मराठी? मराठी आई, आजी, मावशीची. ज्या भाषेत ‘हात धुऊन जेवायला बस’ म्हणतात, त्याच भाषेत ‘तू मला आवडतेस’ म्हणायला आमची जीभ वळत नव्हती. मग आम्हाला चौथी भाषा सापडली, ती भौतिकीची.

आमचा मित्र म्हणे, ‘न्यूटनचं चुकलंय. अंतर दुप्पट झालं की आकर्षण एक चतुर्थांश व्हायला हवं. मी चार बाक मागे गेलो, तर वाढलं.’ त्याचा सर्वांत गाजलेला सिद्धांत घर्षणाचा. आपल्याला ठाऊक आहे, जड पेटी जागची हलवायला जेवढा जोर लागतो, तेवढा ती सरकू लागल्यावर लागत नाही. स्थितिक घर्षण गतिज घर्षणापेक्षा जास्त असते. तो म्हणे, ‘पहिलं वाक्य बोलायलाच सगळा जोर लागतो रे. एकदा बोलणं सुरू झालं की पुढचं आपोआप सरकेल.’ आम्ही सराफ्यात कचोरी खाता खाता पोट धरून हसायचो. पहिले वाक्य मात्र तीन वर्षांत हलले नाही.

पुढे शिकवताना मला कळले की आमची ही टोळी काही जगावेगळी नव्हती. विसाव्या शतकातली भौतिकी ज्यांनी घडवली, तेही तरुण होते आणि अशीच थट्टा करत होते.

वोल्फगांग पाउली याचे उदाहरण घ्या. किरणोत्सर्गी अणूतून बीटा कण बाहेर पडतो, तेव्हा थोडी ऊर्जा हिशेबातून गायब झालेली दिसे. नील्स बोरसारखा मोठा माणूस ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सोडून द्यायला तयार झाला होता. 4 डिसेंबर 1930 रोजी पाउलीने ट्यूबिंगन येथे जमलेल्या शास्त्रज्ञांना पत्र लिहिले: विद्युतभार नसलेला, कोणाला न दिसणारा एक कण ती ऊर्जा घेऊन जात असावा. पत्राचा सूर चेष्टेचा. मायन्यात त्याने जमलेल्या मंडळींनाच किरणोत्सर्गी म्हटले, आणि शेवटी कळवले की झुरिकमधल्या नृत्यसमारंभामुळे आपल्याला येता येत नाही.

आता या चेष्टेच्या मागे काय होते? त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी त्याचा घटस्फोट झाला होता. लग्नाला वर्षही झाले नव्हते. पत्नी एका रसायनशास्त्रज्ञासाठी त्याला सोडून गेली. त्यावरही त्याने विनोद केल्याचे सांगतात: एखाद्या बैलाशी झुंजणाऱ्या शूराकडे गेली असती तर समजलो असतो, पण साधा रसायनशास्त्रज्ञ! ऐकणारे हसले असतील. पण हाच माणूस पुढे मनाच्या आजाराने इतका खचला की त्याला युंग या मानसशास्त्रज्ञाचे दार ठोठवावे लागले. ऊर्जा हरवल्यासारखी दिसते, पण ती हरवलेली नसते, कोणाला न दिसता निघून जात असते. हे त्याने अणूबद्दल लिहिले होते. माणसाच्या दुःखालाही ते लागू पडते, असे मला वाटते.

या न दिसणाऱ्या कणाचे, म्हणजे न्यूट्रिनोचे, पुढे नाटकच झाले. 1932 हे गटेच्या मृत्यूचे शताब्दी वर्ष. त्या एप्रिलमध्ये कोपनहेगनला बोरच्या संस्थेत जमलेल्या तरुणांनी गटेच्या ‘फाउस्ट’चे विडंबन रंगवले. लेखन मुख्यतः माक्स डेलब्रुक याचे. त्यात परमेश्वर म्हणजे बोर. सैतान मेफिस्टो म्हणजे पाउली. तो स्वतः त्या वेळी तिथे नव्हता. विद्वान फाउस्ट म्हणजे लायडनचे प्राध्यापक पाउल एरेनफेस्ट. आणि फाउस्ट जिच्या प्रेमात पडतो ती ग्रेट्शेन कोण? न्यूट्रिनो! पाउली एरेनफेस्टला गळ घालतो आहे की हिच्यावर जीव लाव. तिला भार नाही, वस्तुमान नाही, कोणी तिला पाहिलेले नाही. न बोललेल्या प्रेमाचे याहून नेमके चित्र मला तरी माहीत नाही. ती खरोखर आहे, हे रेन्स आणि कोवन यांनी 1956 मध्ये प्रयोगाने दाखवले. पाउली तोवर हयात होता.

एरेनफेस्ट त्या सभेला हजर होते. वर्गात अवघड प्रश्न विचारून विषय उजळवणारा, विद्यार्थ्यांवर जीव लावणारा हा शिक्षक. पण नव्या भौतिकीच्या वेगाबरोबर आपण धावू शकत नाही, ही खंत त्यांना आतून पोखरत होती. ज्ञानाने थकलेल्या फाउस्टची भूमिका मित्रांनी थट्टेत त्यांना दिली, ती किती खरी होती, हे हसणाऱ्यांना पुरते जाणवले नसावे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी बोर, आइन्स्टाइन आणि इतर मित्रांना उद्देशून आपले जगणे असह्य झाल्याचे पत्र लिहिले. ते पाठवले नाही. 25 सप्टेंबर 1933 रोजी त्यांनी आपले जीवन संपवले. त्यामागे इतरही कारणे होती. त्याचा दोष नाटकाला देणे चूक ठरेल. पण ते न पाठवलेले पत्र माझ्या मनातून जात नाही.

जात नाही, याला माझे एक कारण आहे. आता आमच्या मित्राकडे परत येतो.

शेवटच्या वर्षी त्या मुलीच्या घरी स्थळे पाहणे सुरू झाले. तिचा भाऊ माझ्याबरोबर क्रिकेट खेळायचा. एका संध्याकाळी राजवाड्यापाशी त्याने मला बाजूला घेतले. ‘खरं सांग, तो तिच्याबद्दल गंभीर आहे का? मुलगा आम्हाला बरा वाटतो.’ मी म्हणालो, ‘छे रे, तो सगळ्यावरच विनोद करतो.’ त्या माघात तिचे लग्न झाले आणि ती नागपूरला गेली.

मित्राने लग्न केले नाही असे नाही. संसार चांगला झाला, सूनबाई, नातू, सगळे आहे. काही वर्षांपूर्वी इथल्याच गणेशोत्सवात ती नातवाला घेऊन आली होती. नमस्कार-चमत्कार झाले. परत जाताना मित्र म्हणाला, ‘अर्धायुष्य पाच वर्षं धर. चाळीस वर्षांत आठ वेळा निम्मं झालं. उरला दोनशे छप्पन्नावा भाग.’ थोडे थांबून म्हणाला, ‘पण शून्य होत नाही बघ, गणितानेच.’

त्याच्या विनोदाला मी पहिल्यांदा हसलो नाही. राजवाड्यापाशी काय झाले होते, ते त्याला सांगितले. इतकी वर्षे सांगितले नव्हते. तो बराच वेळ गप्प होता. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘निरीक्षकाची चूक. प्रयोगवहीत लिहून ठेवायची असते, खोडायची नसते.’

म्हणून आज त्याच्या परवानगीने ती इथे लिहवून ठेवतो आहे. आपल्या घरातली मुले अर्धी इंग्रजी, अर्धी हिंदी आणि हाताला लागेल ती मराठी मिसळून एकमेकांची थट्टा करतात. त्यांच्या भाषेला नावे ठेवण्याआधी, ती काय बोलत नाहीत तेही ऐकावे. विनोदाला हसावेच. हसून झाल्यावर एकदा विचारावे: ‘खरंच का रे?’ तेवढा जोर आपण लावला, तर त्यांचे पहिले वाक्य कदाचित हलेल.