घाट उतरून लिहायची प्रेमकथा



सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. आपल्या वाट्याला कृष्णा आली, कोयना आली, वारणा आली. तरीही आपल्या मंडळींतले तरुण लेखक माझ्याकडे जी हस्तलिखिते वाचायला देतात, त्यांत समुद्रकाठची ख्रिस्ती प्रेमकथा पुन्हा पुन्हा भेटते. या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून मला आज तिच्याबद्दलच बोलायचे आहे. कारण अशी कादंबरी मराठीत व्हावी असे मला मनापासून वाटते, आणि आज ती ज्या रीतीने लिहिली जाते आहे त्या रीतीने ती होणार नाही, असेही वाटते.

अमेरिकेत ख्रिस्ती प्रेमकथेची मोठी परंपरा आहे. जॅनेट ओक यांची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ १९७९ साली आली आणि श्रद्धेने जगणाऱ्या साध्या माणसांची प्रेमकथा लाखो वाचक आवडीने वाचतात हे प्रकाशकांना कळले. फ्रान्सीन रिव्हर्स यांनी तर होशेय संदेष्ट्याची कथा उचलून ‘रिडीमिंग लव्ह’ लिहिली. ही पुस्तके आपल्याकडच्या मुली मोबाइलवर वाचतात. त्यात वावगे काही नाही. ज्या मुलीला रविवारी उपासनेला बसताना आपल्या लग्नाची काळजी असते, तिला प्रेम आणि प्रार्थना एकाच पुस्तकात हवी असते. ही भूक खरी आहे, आणि तिला हलके लेखणाऱ्या समीक्षकांशी माझे जमत नाही.

पण अडते कुठे, ते पाहा. हस्तलिखितातला नायक देखणा आणि देवापासून दूर गेलेला. नायिका सोशिक. मध्ये वादळ येते, होडी उलटते, नायक किनाऱ्याला लागतो, शुद्धीवर येताच पश्चात्ताप करतो आणि शेवटच्या प्रकरणात पाळक लग्न लावतात. म्हणजे पश्चात्ताप ही लग्नाची फी झाली! नायिका मिळावी म्हणून नायकाने भरलेली. वाचकाला हे कळते. तो पुस्तक मिटतो तेव्हा त्याचा विश्वास तसूभरही हललेला नसतो.

पात्राला लेखकाच्या उपदेशासाठी राबवण्याचा हा दोष आजचा नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची, एका ख्रिस्ती माणसाने लिहिलेली. तिच्यात यमुना आणि विनायकराव या नवरा-बायकोचा स्नेह आहे, प्रवास आहे, वैधव्य आहे, श्रद्धा आहे. आपण आज जे मागतो आहोत ते सगळे तिथे आहे. विधवांचे हाल पदमनजींनी ज्या कळकळीने मांडले त्याला तोड नाही. तरी यमुना बोलू लागली की पुष्कळदा बाबाच बोलताना ऐकू येतात. पहिलेपणाचा मान त्यांचा आहेच. पण त्यांची ही सवय आपण चालवण्याचे कारण नाही.

याच्या उलट उदाहरणासाठी दूर जायला नको. रेव्हरंड टिळकांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात आपल्या साताऱ्यात बिऱ्हाड केले आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा इथेच सुरू केला. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, मुंबईतला. आणि तो बायकोला न सांगता घेतलेला. लक्ष्मीबाईंनी ते कसे सोसले, काही वर्षे त्या कशा वेगळ्या वाटेने चालल्या, नवऱ्याकडे परतल्यावरही आपली चूल आणि सोवळे त्यांनी कसे जपले, आणि मग तेच सोवळे त्यांच्या हातून कसे सुटले, हे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली निघाला. मी तर म्हणेन, मराठीतली सर्वांत मोठी ख्रिस्ती प्रेमकथा हीच, आणि ती कल्पित नाही. त्या बाईंनी नवऱ्याला देवमाणूस केलेले नाही. त्याचा राग, त्याचा विसराळूपणा, घरात पैसा न टिकू देणारा त्याचा उदारपणा, सगळे सांगितले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तो नवऱ्याच्या हट्टाने नव्हे. त्या आपल्या पायांनी, आपल्या गतीने तिथवर आल्या. टिळकांच्या मागे ‘ख्रिस्तायन’ या त्यांच्या महाकाव्याचा बहुतांश भाग त्यांनीच लिहून पुरा केला. प्रेम आणि श्रद्धा यांचा असा जोड कोणत्या कादंबरीकाराला सुचला असता?

शास्त्रातही हेच आहे. रूथची गोष्ट आपण लग्नात वाचतो, पण तिचा विश्वासाचा शब्द बवाजाला दिलेला नाही. तो सासूला दिलेला आहे, रस्त्यात, दोघी विधवा असताना, पुढे काय वाढून ठेवले आहे हे ठाऊक नसताना. बवाज त्यानंतर येतो, जवाच्या शेतात. तेव्हा लेखकांनो, श्रद्धेचा निर्णय प्रेमिकासमोर घडवू नका. आधी, दुसऱ्या कोणासाठी तरी, काहीतरी गमावून घडू द्या.

आता समुद्राकडे वळू. आपल्याला तो घाटाखाली आहे. सातारकरांना महाबळेश्वरवरून आंबेनळी उतरून पोलादपूर, कराडकरांना कुंभार्ली उतरून चिपळूण, सांगली-मिरजेच्या लोकांना कोल्हापूरवरून आंबोली उतरून सावंतवाडी-वेंगुर्ले. आणि या शेवटच्या वाटेवर आपली कादंबरी आयती उभी आहे. मिरजेचे रुग्णालय डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली उभारले. वेंगुर्ल्याचे सेंट ल्यूक्स रुग्णालयही त्यांच्याच अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या कामातून झाले. मिरजेला शिकलेली परिचारिका वेंगुर्ल्याला नोकरीला जाते, एवढे एक वाक्य लिहा. तिच्यामागे आपोआप एक मंडळी, एक उपासनासंगीत, एक जेवणाची चव आणि घरची पत्रे येतात. तिचे ‘आलास व्हय?’ आणि तिथले ‘कदी इलंस?’ यांची पहिली गाठ पडते तिथेच प्रकरण सुरू होते.

वेंगुर्ल्याच्या मातीने मराठीला खानोलकर दिले, पाडगावकर दिले. शेजारच्या आरवलीने दळवी घडवले. तो परिसर वाचकाच्या ओळखीचा आहे. तिथल्या ख्रिस्ती घराच्या माजघरातून तो समुद्र दाखवणारी कादंबरी मात्र मला अजून भेटलेली नाही.

समुद्र म्हटला की आपण सूर्यास्त लिहितो. सूर्यास्त पाहुण्यांचा, तिथे राहणाऱ्यांचा समुद्र कामाचा असतो. पावसाळा सरल्यावर एकदा रापण ओढताना पाहा. होडी जाळे टाकत अर्धवर्तुळ घेते, जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसांच्या दोन रांगा ते ओढू लागतात. ओढणारा मागे मागे जातो. दोर ओला, जड, वाळूने खरखरीत. तळवे सोलून निघतात. जाळे जवळ येते तशा दोन्ही रांगाही एकमेकींकडे सरकतात. कोणी हाका देतो, कोणी शिव्या देतो. बांगडा, तारली, कधी नुसती कचऱ्याची ओंजळ. मग वाटे पडतात आणि दोराला हात लावलेल्याला त्याचा वाटा मिळतो. तुमच्या नायिकेला त्या दोराला एकदा हात लावू द्या. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा त्या घरात काय शिजते, पर्ससीन जाळ्यांच्या यांत्रिक बोटवाल्यांशी भांडण पेटले की घरातला भाऊ कुठल्या बाजूला उभा राहतो, हे तिला कळू द्या. प्रेम अशा ठिकाणी जमते, पुळणीवरच्या पाऊलखुणांत नाही.

अडथळे तर कल्पनेने शोधायलाच नकोत. मिरजेची मुलगी प्रॉटेस्टंट, किनाऱ्यावरचा मुलगा कॅथलिक. तो मिस्साला जातो, ही उपासनेला. तिच्या घरी माळ जपणे चालत नाही, त्याच्या आईचा हात माळेवाचून रिकामा नसतो. लग्न कुठल्या देवळात, मुलांचा बाप्तिस्मा कोणाकडे, यावरून खऱ्या घरांत रात्री जागून काढल्या गेल्या आहेत. एकाच प्रभूला मानणारी दोन घरे एकमेकांना परकी म्हणतात. ख्रिस्ती कादंबरीला याहून ख्रिस्ती प्रश्न कोणता?

आणि जात. ती आपल्या प्रेमकथांतून गाळली जाते, हे मला सर्वांत जास्त खुपते. आपल्या दोन जिल्ह्यांतल्या मंडळ्यांमध्ये बहुतेक घरे महार-मांग समाजांतून आलेली आहेत. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने काय केले, पाणी कुठून भरावे लागले, हे घरोघर ठाऊक आहे. किनाऱ्यावरची कॅथलिक कुटुंबेही आपापल्या मूळ जाती विसरलेली नाहीत. स्थळ आले की ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातोच. पुस्तकात तो विचारलाच गेला नाही, तर वाचणारी मुलगी म्हणेल, हे माझ्यासाठी नाही. तो विचारला जाऊ द्या, आणि तुमच्या पात्रांना प्रभूसमोर उभे राहून त्याचे उत्तर देऊ द्या. सांत्वन देणारे पुस्तक लिहायचे तर दुखते कुठे ते आधी लिहावे लागते.

योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय मी अनेकदा लेखक म्हणून वाचतो. तिबिर्य समुद्राचा काठ, रात्रभर रिकामे जाळे, पहाटे निखाऱ्यांवर मासे आणि भाकर. जेवण झाल्यावरच पेत्राला प्रेमाविषयी विचारले जाते, तेही तीनदा, त्याने तीनदा नाकारले होते म्हणून. आधी भुकेल्याला जेवण, मग प्रश्न. प्रकरणाची रचना याहून चांगली मला कोणी शिकवलेली नाही. आणि त्या प्रश्नानंतर पेत्राच्या वाट्याला सुख येत नाही, काम येते.

म्हणून माझी विनंती व्यवहाराची आहे. दिवाळीनंतर रापणी सुरू असतात. आपल्यापैकी ज्यांना ही कादंबरी लिहायची आहे त्यांनी तेव्हा आंबोली उतरून जावे, तिथल्या मंडळीत राहावे, लोकांच्या घरी बसून गाणी ऐकावीत, म्हाताऱ्यांच्या लग्नांच्या हकिगती लिहून घ्याव्यात. परत येऊन आधी तीन प्रकरणे लिहावीत आणि ती आपल्या मंडळीतल्या महिलांच्या सभेत मोठ्याने वाचावीत. जिथे त्या चुळबुळ करतील तिथे कापावे. मग तीच प्रकरणे वेंगुर्ल्याच्या एखाद्या वाचकाला पाठवावीत, बोली आणि समुद्र तपासायला. पुढच्या संमेलनात मला भाषणांपेक्षा ही वाचने ऐकायची आहेत, आणि त्यासाठी दुपारचे पूर्ण सत्र मोकळे ठेवावे असे मी संयोजकांना आत्ताच सांगून ठेवतो.