आकडा शेवटी लिहायचा



राज्यभरातल्या मूल्यांकनकारांची ही परिषद नाशिकच्या पंचवटीत भरवल्याबद्दल आयोजकांचे मनापासून आभार. मला अध्यक्ष केल्याबद्दल मानायचे की नाही, ते भाषण संपल्यावर तुम्हीच ठरवा. आपल्या कामाची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा मला सुचत नाही. रामकुंडापासून मालेगाव स्टँडचा चढ चढून या. तेवढ्यात देवस्थानची जागा, भाडेकरूंनी भरलेला वाडा, यात्रेकरूंचा लॉज, पागडीचा गाळा आणि नवी लिफ्टवाली इमारत एकामागून एक लागतात. पाचांना एकच दर लावणारा माणूस आपल्या धंद्यात नसावा.

हत्यारांबद्दल तरुण मंडळी फार विचारतात. लेसर मीटर घ्या, उत्तमच आहे. पण वाड्याच्या चौकात दुपारच्या उन्हात त्याचा लाल ठिपका दिसत नाही, म्हणून पिशवीत टेप हवाच. जुन्या भिंती खाली जाड आणि वर सडपातळ असतात. एका मजल्याचे माप घेऊन दोनाने गुणलेत की फसलात. सागवानी तुळई मधोमध ठणठणीत वाजते. तिचे भिंतीत शिरलेले टोक बघा, ओल आणि वाळवी तिथून सुरू होते. कागदांत मिळकत पत्रिका, सूची क्रमांक दोन, मंजूर नकाशा आणि झोन दाखला एवढे तरी समोर हवेत. भाडेकरू असले तर भाडेपावत्याही मागा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्क्यांची वाढ दिली, पण मूळ भाडेच चहाच्या बिलाएवढे असेल तर चार टक्के कशाचे? तिथे मालकाच्या हातात काय आहे आणि भाडेकरूच्या हातात काय आहे, हे वेगवेगळे मोजावे लागते.

वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजे आपला रेडी रेकनर, मुद्रांक शुल्कासाठी आहे. तो हाताशी असावा, डोक्यावर बसू नये. एकाच मूल्यविभागात पुरात बुडणारी नदीकाठची आळी आणि चढावरची कोरडी आळी शेजारी शेजारी येऊ शकतात. नाशिककर मात्र गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून पूर मोजतात. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ हे महिने इथल्या दुकानदारांना तोंडपाठ आहेत. त्यांना पाणी कुठवर आले होते असे विचारा, ते शटरवर हात ठेवून दाखवतील. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर जरूर बघा. पण दुकानदाराच्या त्या हाताची उंचीही मोजा आणि अहवालात लिहा.

आता सिंहस्थाचे बोलतो, कारण पुढचा पर्वकाळ दारात आहे. समजा, एका घराचे खर्च वजा जाता महिन्याचे भाडे वीस हजार. वर्षाचे दोन लाख चाळीस हजार; चार टक्क्यांनी भांडवली मूल्य साठ लाख. त्याच घराला पर्वकाळात महिना ऐंशी हजार मिळाले, आणि कोणी तेच कायमचे धरले, तर मूल्य थेट दोन कोटी चाळीस लाख होते! बारा वर्षांतून एकदा येणारे उत्पन्न दरवर्षीचे करून दाखवणे ही चूक अजाणता होत नाही. 'साहेब, आकडा किती बसतोय?' असा फोन पाहणीच्या आधीच आला, तर त्याला एकच उत्तर: अजून घर पाहिलेले नाही. नोंदणीकृत मूल्यांकनकारांसाठीच्या २०१७ च्या नियमांतल्या आचारसंहितेने काम फत्ते झाल्यावरची बक्षिसी, म्हणजे सक्सेस फी, घ्यायला मनाई केली आहे. माझ्या मते त्या संहितेतले हे सर्वांत कामाचे कलम.

मग या धंद्यात मिळते काय? फीचे विचारू नका, निदान माईक चालू असताना. पण पाहुण्यांना ओसरीवरून परत पाठवणारी माणसे आपल्याला माळ्यापासून तळघरापर्यंत फिरवतात. कोनाडा कोणी बुजवला, जिना का हलवला, धाकट्याला मागची खोली का मिळाली, हे सगळे न विचारता कळते. वाटणीच्या वेळी तीन भावांच्या मनात तीन आकडे असतात. आपला चौथा, तो कोणालाच आवडत नाही. तरी कारणे नीट लिहिलेली असली की ते अहवाल दोनदा वाचतात आणि पुष्कळदा कोर्टाची पायरी टळते. मला या कामात त्याहून मोठे समाधान दुसरे मिळालेले नाही.

कारणे लिहिण्यासाठी नोंदी लागतात. संपत्तीकर २०१५ च्या अर्थसंकल्पाने गेला, तेव्हा आपले दुकान बंद होणार असे काहींना वाटले होते. झाले उलटेच. भांडवली नफ्यासाठी आधारदिन १ एप्रिल २००१ झाला आणि त्या दिवशी वाडा कितीचा होता, हे विचारायला लोक आपल्याकडे येऊ लागले. त्या दिवसाचे मुद्रांक मूल्य उपलब्ध असेल तर आपला आकडा त्याच्या वर जाऊ शकत नाही. म्हणून त्या वर्षाचा तक्ताही हवा आणि प्रत्यक्ष खरेदीखतेही. आचारसंहिता कामाचे कागद निदान तीन वर्षे ठेवायला सांगते. इथले तीर्थोपाध्याय यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या सांभाळतात. आपण तीन वर्षांवर थांबावे, हे मला पटत नाही.

तेव्हा मागणे दोन. शासनाने मूल्यदर तक्त्यात पूररेषेतल्या मिळकतींची स्पष्ट नोंद करावी. तसा ठराव आज मांडावा अशी माझी सूचना आहे. आणि प्रत्येकाने आपापल्या शहरातले २००१ च्या आसपासचे तक्ते आणि खरेदी-विक्रीचे दाखले, पक्षकारांची नावे झाकून, एकत्र जमा करावेत. माझ्या कपाटातले मी देतो. देणाऱ्यांनी जेवणाच्या सुट्टीत आपले नाव आणि तालुका दाराशी ठेवलेल्या वहीत लिहावा.