बंबाचा धूर आणि धुराड्याचा धूर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या धुराविषयी चार शब्द सांगा, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. 1970 साली ते केंद्र सुरू झाले, आणि त्याची धुराडी नाशिकरोडच्या गच्च्यांवरून रोज दिसतात. तेव्हा प्रश्न रास्तच आहे. पण उत्तराआधी मला तुमच्या परसातल्या बंबाकडे वळले पाहिजे. रागावू नका.

कोळसा वा लाकूड भरपूर हवेत, कडक आचेवर जळले, तर ते बहुतेक पुरते जळून जाते. हवा कोंडली, आच मंदावली, की अर्धवट जळलेल्या अंशांतून निराळेच पदार्थ तयार होतात आणि काजळीला चिकटून आपल्या छातीत जातात. बेन्झोपायरिन हा त्यांतला सर्वांत कुप्रसिद्ध.

त्याचा माग कसा लागला, ते ऐकण्यासारखे आहे. लंडनची धुराडी साफ करणाऱ्यांना पुढे विशिष्ट कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने 1775 साली लिहून ठेवले. 1915 साली जपानात यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना पुनःपुन्हा डांबर लावून कर्करोग उत्पन्न करून दाखवला. पण डांबरात पदार्थ शेकडो. त्यांतला गुन्हेगार कोणता? दुकानदार जांभळ्या दिव्याखाली नोट धरतो आणि खुणा चमकतात, तशी एक चमक या घातक डांबरांत केनवे यांचे सहकारी हीगर यांना आढळली. त्या चमकेच्या मागे जात जात त्यांच्या मंडळींनी दोन टन डांबरी गाळ उपसला आणि 1933 साली त्यातून बेन्झोपायरिन वेगळे काढले. मिळाले जेमतेम काही ग्रॅम!

आज एवढा खटाटोप लागत नाही. पंपाने हवा ओढून गाळणकागदावर काजळी धरतात, ती द्रावकात उतरवतात आणि यंत्राच्या केसासारख्या बारीक नळीतून सोडतात. टीपकागदावर शाईचा थेंब टाकून कडेला पाणी लावले, की रंग पुढेमागे सरकून वेगळे होतात ना? तसेच तेथे एकेक पदार्थ आपापल्या वेळी बाहेर येतो. भारताने 2009 साली ठरवलेली मर्यादा अशी: एक घनमीटर हवेत, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत मावेल एवढ्या हवेत, वर्षाच्या सरासरीने एक नॅनोग्रॅम. ग्रॅमचा अब्जावा भाग! डोळ्यांना किंवा नाकाला त्याचा पत्ता लागणे शक्य नाही.

आता एकलहरे. तेथे कोळशाची पूड हजार अंशांहून अधिक तापमानात, भरपूर हवेत जळते. त्यामुळे किलोमागे हा पदार्थ चुलीपेक्षा फारच कमी निघतो. म्हणून केंद्र निर्दोष ठरत नाही. राख, गंधकाचा धूर आणि पारा यांचा जाब त्याला विचारलाच पाहिजे. पण बेन्झोपायरिनच्या बाबतीत धुमसणारा बंब, पाचोळ्याचा ढीग आणि थंडीतली टायरची शेकोटी यांचा नंबर आधी लागतो, आणि तो धूर उंच धुराड्यातून नव्हे, आपल्या नाकासमोरून जातो.

चीनच्या युन्नान प्रांतात शुआनवेई नावाचा भाग आहे. तेथल्या बायका विडीकाडी ओढत नसत, तरी फुप्फुसाच्या कर्करोगाने फार मरत. घरात उघड्या खळग्यात धुरकट दगडी कोळसा जळे आणि त्यावर स्वयंपाक होई. घरातली हवा तपासली तेव्हा तीत बेन्झोपायरिन विपुल सापडले. पुढे धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या चुली आल्या, आणि त्या घरांत हा रोग कमी झाल्याचे 2002 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले.

माझ्या माहेरी बंब पेटवायला दुधाच्या पिशव्या घालीत. मीही घातल्या आहेत. आता बंब पेटवणाऱ्यांनी वाळकी लाकडे वापरावी, बंब उघड्यावर ठेवावा आणि पोरांना जवळ शेकत बसू देऊ नये.

दुसरे काम मंडळाचे. आपल्या भागातल्या हवेत बेन्झोपायरिन किती मोजले, याचा वर्षाचा आकडा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मागायचा आहे. अर्ज मी लिहून आणला आहे. सह्या चहाच्या आधीच कराव्यात. नंतर प्रत्येकीला घरची घाई असते.