आधी यादी, मग शाई

बॅरिस्टर नाथ पै मूळचे वेंगुर्ल्याचे. १९५७ साली राजापूर मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून आले, तेव्हा त्यांनी पस्तिशीही गाठली नव्हती. पण त्यांच्या सभेत पुढे बसून टाळ्या पिटणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला मत नव्हते, कारण मतदानाचे वय २१ होते. ते १८ वर आले १९८९ मध्ये, ६१व्या घटनादुरुस्तीने.

श्रोतेहो, आज अठरा वर्षे भरली तरी नाव मतदार यादीत आपोआप चढत नाही. तरुणांचे मत हुकते ते बऱ्याचदा इथेच, मतदानाच्या कितीतरी आधी. पूर्वी वयासाठी १ जानेवारी ही एकच तारीख धरत. २०२२ पासून १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही धरल्या जातात, आणि सतरा पूर्ण झालेल्यांना नमुना ६ हा नोंदणीचा अर्ज आगाऊ भरता येतो. बारावीच्या वर्गात हा अर्ज भरून घ्यावा, इतके सोपे काम आहे.

कोकणातला खरा घोळ पत्त्याचा. मुलगा शिकायला पुण्याला, मुलगी नोकरीला मुंबईत, नाव मात्र वेंगुर्ल्याजवळच्या उभादांड्याच्या यादीत. काही चाकरमान्यांचे तर दोन्हीकडे! गावचे नाव ठेवावे की शहरातले, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण दोन ठिकाणी नोंद कायद्याला चालत नाही आणि अर्जात खोटी माहिती दिली तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुक्काम बदलला असेल तर नमुना ८ भरायचा. ओळखपत्र खिशात आहे आणि नाव यादीत नाही, अशा माणसाला केंद्रावरून परत यावे लागते. १९५० या क्रमांकावर फोन करून किंवा गावच्या बीएलओला, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, गाठून ते आधीच पाहता येते.

‘एका मताने काय होतंय?’ असे विचारणाऱ्यांनी मुंबईकडे पाहावे. २०२४ मध्ये लोकसभेच्या वायव्य मुंबई मतदारसंघात दोन्ही प्रमुख उमेदवारांना साडेचार लाखांवर मते पडली आणि निकाल लागला ४८ मतांनी. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या गिरगावातल्या एका प्रभागात समान मते पडली, तेव्हा चिठ्ठी काढावी लागली.  वेंगुर्ले नगरपरिषदेचा प्रभाग तर मुंबईच्या प्रभागापुढे चिमुकला, ग्रामपंचायतीचा त्याहून लहान; तिथे एकेका मताचे वजन आणखी जास्त. नळाचे पाणी, कचरा, मासळी बाजार यांचे निर्णय तिथेच होतात, आणि या निवडणुकांना विधानसभेचीच यादी वापरतात.

राहिली रजा. गोव्यात हॉटेलात कामाला जाणाऱ्या पोरांची ही नेहमीची अडचण. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १३५ब मतदाराला लोकसभा-विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी देते, रोजंदारीवरच्यालासुद्धा. सुटी न देणाऱ्या मालकाला दंड आहे जास्तीत जास्त पाचशे रुपये, म्हणजे कायद्याचा धाक बेताचाच; तेव्हा रजेचा अर्ज तारीख जाहीर होताच द्यावा.