मनाच्या वैद्याचा शोध

(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं आजाराची गोष्ट काढणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. तथापि ही हकीकत सांगण्यास आमच्या धाकट्या बंधूनेंच आम्हां भावंडांस अनुमति दिली असून तो स्वतः मागल्या बांकावर बसला आहे. तेव्हां संकोच सोडून बोलतों.

सात वर्षांपूर्वीं सणाचा मंडप त्यानें जवळजवळ एकट्यानें उभारला, हें पुष्कळांस स्मरत असेल. आठ रात्री तो निजला नव्हता. त्याचें बोलणें थांबत नसे, आणि कर्ज काढून त्यानें तीन वाद्यें आणलीं होतीं. आपण सर्वांनीं त्याचें कौतुक केलें, आम्हींहि केलें. दोन महिन्यांनीं तोच मुलगा दार लावून अंथरुणावर पडून राहूं लागला. जेवण नको, स्नान नको, कोणाचें तोंड पाहणें नको. एके रात्रीं तो आईस म्हणाला कीं, आपण नसतों तर बरें झालें असतें. तेव्हां आम्ही घाबरलों व वैद्य शोधूं लागलों.

वसईहून लोकलनें मुंबईस जावयाचें. एवढ्या मोठ्या नगरींत वैद्यांस काय तोटा, असें आम्हांस वाटलें. उपनगरांतील एका डॉक्टरांपुढें आम्हीं विषादाची सगळी कथा मांडली. मंडपाची गोष्ट मात्र सांगितलीच नाहीं, कारण ते आम्हांस त्याचे चांगले दिवस वाटत होते! त्यांनींहि विचारलें नाहीं. विषादावरील औषध सुरू झालें आणि थोड्याच आठवड्यांत बंधु पुन्हा रात्रंदिवस जागा राहूं लागला. द्विध्रुवीय विकारांत, ज्यास लोक बायपोलर म्हणतात, मन कधीं उन्मादाच्या शिखरावर तर कधीं विषादाच्या गर्तेंत असतें. केवळ विषादाचें औषध दिल्यास कित्येकदां रोगी उन्मादाकडेच ढकलला जातो. हें आम्हांस फार उशिरां कळलें.

त्यानंतर एका समुपदेशकाची पाटी पाहून आंत गेलों. त्या गृहस्थांनीं गोळ्या टाकून द्यावयास सांगितलें. पाटी लावण्यास कोणाची आडकाठी नसते, एवढें तेथें शिकलों. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकाची पदवी घेतलेला डॉक्टर असतो व औषध तोच देतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ बोलण्यांतून उपचार करतो. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते, आणि तिचा क्रमांक विचारण्यांत कांहीं उद्धटपणा नाहीं. ह्या विकारांत दोघेहि लागतात. पापनिवेदन हें दोहोंपैकीं कशाचीहि जागा घेत नाहीं, असें आमच्या धर्मगुरूंनींच आम्हांस बजावलें, त्यांचे आभार.

के. ई. एम., नायर व शीव येथील महानगरपालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असून खर्च अल्प येतो. त्यांपैकीं एकांत केस पेपर काढून आम्ही सकाळपासून रांगेंत बसलों. दुपारीं एका तरुण डॉक्टरीणबाईंनीं आईस विचारलें, "ह्याला झोपेची गरजच वाटत नव्हती, असे दिवस कधीं आले होते काय?" आई मंडपाविषयीं बोलूं लागली. बाईंनीं लेखणी खालीं ठेवली आणि सर्व ऐकून घेतलें.

पुढें लिथियम सुरू झालें. उन्मादावर ह्या क्षाराचा उपयोग ऑस्ट्रेलियांतील डॉ. जॉन केड यांनीं १९४९ सालीं प्रसिद्ध केला. त्याची मात्रा थोडी अधिक झाली तरी अपाय होतो, म्हणून रक्त वेळोवेळीं तपासावें लागतें, मूत्रपिंडें व थायरॉईड ग्रंथि यांवर लक्ष ठेवावें लागतें, व उन्हाळ्यांत पाणी कमी पडूं द्यावयाचें नसतें.

बोलण्याच्या उपचारासाठीं प्रथम दक्षिण मुंबईंतील एक नामांकित बाई मिळाल्या. परंतु गर्दींतून इतकें दूर जाणें तीन भेटींनंतर सुटलें. शिवाय तेथें इंग्रजी बोलावें लागे, आणि घरीं कादोडी बोलणाऱ्या मुलास आपलें दुःख इंग्रजींत सांगतां येईना. अखेर बोरिवलीस मराठी जाणणाऱ्या एक बाई भेटल्या. त्यांनीं पहिल्याच भेटींत डॉक्टरांचें नांव विचारून घेतलें. रोज निजण्या-उठण्याची वेळ लिहून ठेवावयास लावली. झोप तीन तासांवर आली कीं घरच्यांनीं काय करावें, हें बरें असतांना बंधूनेंच स्वहस्तें लिहिलें; त्यांत बँकेचें कार्ड आईकडे द्यावें, असेंहि आहे. ह्या कागदावरून दोनदां भांडणें झालीं, हें लपवीत नाहीं.

कोणाच्या घरीं असें कांहीं असेल, त्यांनीं शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक टिपून ठेवावा. ती २०२२ सालीं सुरू झाली असून विनामूल्य आहे. मराठींतूनहि बोलतां येतें. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें शासकीय उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे, व रोग्याची माहिती गुप्त ठेवणें उपचारकांस बंधनकारक केलें आहे. मुलाचें लग्न मोडेल ह्या भीतीनें जे घरीं बसले आहेत, त्यांस हें मुद्दाम सांगतों.

ह्या महोत्सवाच्या मंडपाचें काम चाललें असतां आमचा बंधु रोज रात्रीं दहाच्या ठोक्यास हातोडी ठेवून घरीं निघून जाई. कित्येकांनीं त्यास आळशी म्हटलें. आम्हीं तें ऐकलें, आणि त्याच्यामागें दिवा घेऊन चालत राहिलों.