यमुना, मुक्तामाला आणि अनूबाई



मघाशी या विद्यार्थी संमेलनात बक्षिसं देताना ग्रंथालयातल्या सर्वाधिक वाचनाचं बक्षीस घ्यायला एक मुलगी वर आली. सध्या काय वाचतेस, असं मी तिला विचारलं. ती घुटमळली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, इंग्रजी कादंबऱ्या. ख्रिश्चन सस्पेन्स, आणि जुन्या काळातल्या प्रेमकथा." बक्षीस वाचनाचं, आणि काय वाचलं ते सांगताना आवाज खाली! मला ते फार लागलं. म्हणून आज मी त्याच पुस्तकांबद्दल बोलणार आहे.

आवाज का खाली जातो, ते मला ठाऊक आहे. याच इचलकरंजीत मी वाढले. घरात माग होते, दोन पाळ्यांत चालायचे, आणि कांड्या भरायच्या सोडून पोरगी पुस्तकात डोकं घालून बसलीय, हे वाक्य मी भरपूर ऐकलंय. त्यातून पुस्तक रहस्यकथेचं असेल तर 'टाइमपास', प्रेमकथेचं असेल तर 'वय काय हिचं', आणि दुसऱ्या धर्माचं असेल तर घरात एकदम शांतता. बोलणाऱ्यांच्या मनात काळजी असते, हे मी मान्य करते. पण ही काळजी आपल्या भाषेचा इतिहास विसरून केलेली आहे. रहस्य, प्रेम, जुना काळ आणि ख्रिस्ती धर्म या चारही वाटांनी मराठी कादंबरी आपल्या घरात आली आहे.

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून अभ्यासक जिचं नाव घेतात ती 'यमुनापर्यटन' 1857 साली छापली गेली. लेखक बाबा पद्मनजी. हे गृहस्थ लंडनचे नव्हेत, बेळगावचे. इथून कागलला जाऊन हमरस्ता धरला की ज्या बेळगावला आपण पोचतो, त्याच बेळगावात 1831 साली एका धार्मिक कासार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तिथल्या मिशन शाळेत शिकले, पुढे मुंबईला गेले, जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेत वावरले, आणि 1854 साली बेळगावातच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेविसाव्या वर्षी. तुमच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा असलेला एक मुलगा. घर सुटलं, जात सुटली. आणि तीन वर्षांनी या माणसानं कादंबरी लिहिली ती विधवांवर.

कथा थोडक्यात अशी. यमुना शिकलेली, आणि मनानं ख्रिस्ती धर्माकडे ओढलेली. नवरा विनायक समजूतदार. दोघं प्रवासाला निघतात, आणि वाटेत गावोगावी विधवा भेटतात. कुणाचं केशवपन झालेलं, कुणी दिरा-भावांच्या घरात राबणारी, कुणाला फसवलेलं. प्रत्येकीची कहाणी यमुना ऐकून घेते. मग विनायकच मरण पावतो, आणि जिनं इतरांच्या कहाण्या ऐकल्या तीच त्या रांगेत जाऊन उभी राहते. आता हिचं काय होणार?

हा प्रश्न 1857 च्या वाचकाला कसा वाटला असेल, याचा जरा विचार करा. विधवा पुनर्विवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, 1856 साली झालेला. कागदावर परवानगी होती, पण गल्लीत, वाड्यात, पंगतीत काय होईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पुस्तकातल्या यमुनेचं काय होणार आणि आपल्या माजघरात बसलेल्या आत्याचं, बहिणीचं काय होणार, हे प्रश्न एकच होते. खून नाही, भुयार नाही, मुखवटा घातलेला माणूस नाही. तरी मी वाचलेल्या मराठी कादंबऱ्यांत एवढं खरं रहस्य फार थोड्या ठिकाणी आहे.

यमुना शेवटी ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. पद्मनजींना आपला नवा धर्म वाचकाच्या हाती द्यायचा होता, आणि त्यांनी ते लपवलेलं नाही. पात्रं मध्येच थांबून उपदेश करतात, वाद घालतात, आणि वादात कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. ती पानं मी वाचली. त्यांनी माझा धर्म बदलला नाही. पण त्या विधवांच्या कहाण्यांनी माझ्या आजीकडे बघण्याची माझी दृष्टी मात्र बदलली. लाल आलवणातली, एका वेळचं जेवण जेवणारी माझी आजी मी रोज बघत होते, आणि तिला आयुष्यात काय झालं हे एकदाही विचारलं नव्हतं. तो प्रश्न माझ्या तोंडी एका ख्रिस्ती कादंबरीनं घातला. याबद्दल मी बाबा पद्मनजींची आयुष्यभर ऋणी आहे.

आणि ही कादंबरी एकटी वाचू नका. तिच्यानंतर हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' हाती घ्या. 1890 साली आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ती क्रमशः येऊ लागली. तिच्या नायिकेचं नावही यमुनाच, घरातली यमू. तीही विधवा होते, तिचंही केशवपन होतं, तेही बळजबरीनं. पण आपट्यांची यमू पुन्हा उभी राहत नाही. ती मरते. आठवडाभर पुढच्या अंकाची वाट बघणाऱ्या वाचकांना आपट्यांनी सुटकेची वाट दिली नाही. कादंबरीकार म्हणून आपटे फार मोठे, यात मला शंका नाही. त्यांची यमू बोलते तेव्हा आपण तिच्या शेजारी बसलेलो असतो. पण विधवेला पुन्हा संसारात उभं करायचं धाडस पद्मनजींनी त्याआधी तीसेक वर्षं केलं होतं. एक हिंदू, एक ख्रिस्ती, दोघांच्या डोळ्यांसमोर एकच मुलगी. या दोन्ही यमुना ज्यानं लागोपाठ वाचल्या, त्याला एकोणिसाव्या शतकाचा महाराष्ट्र समजावून सांगायला वेगळा मास्तर नको.

आता ती मुलगी वाचते त्या पुस्तकांकडे येते. या प्रकारच्या कादंबऱ्यांचं जगात मोठं कुटुंब आहे. जॉन बन्यनचं 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' 1678 सालचं. आपल्या श्रद्धेपायी बेडफर्डच्या तुरुंगात पडलेल्या माणसानं लिहिलेली ही एका यात्रेकरूच्या संकटांची गोष्ट. हरि केशवजींनी ती 1841 साली 'यात्रिकक्रमण' या नावानं मराठीत आणली, म्हणजे 'यमुनापर्यटन'च्याही आधी. पुढे ल्यू वॉलेस या अमेरिकन सेनानीची 'बेन-हर' 1880 साली आली. पोलंडच्या सिएनकिएविचची 'क्वो व्हाडिस' 1896 सालची. रोममध्ये नीरोचं राज्य, एक उर्मट रोमन अधिकारी एका ख्रिस्ती मुलीच्या प्रेमात पडतो, आणि बाहेर ख्रिस्ती लोकांना सिंहांपुढे टाकलं जातंय. तेव्हा पोलंड नावाचा देशच नकाशावर उरला नव्हता. तीन साम्राज्यांनी तो वाटून घेतला होता. पोलिश वाचक रोमची गोष्ट वाचताना आपलीच गोष्ट वाचत होता. आणि फ्रान्सीन रिव्हर्सची 'रिडीमिंग लव्ह' 1991 ची. बायबलमधल्या होशेयाची कथा तिनं कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींच्या काळात नेली आहे. वेश्यालयात विकली गेलेली एक मुलगी, आणि ती पुन्हा पुन्हा पळून गेली तरी तिला शोधत येणारा एक शेतकरी.

साध्या रहस्यकथेत प्रश्न असतो, खून कुणी केला. या कादंबऱ्या चांगल्या असतील तेव्हा त्यांच्यात त्यापुढचा प्रश्न असतो: ज्यानं केलं त्याला क्षमा करता येईल का? गुन्हेगार सापडल्यावर इतर पुस्तकं संपतात, इथे खरी अवघड पानं तिथून सुरू होतात. हा प्रश्न फक्त ख्रिस्ती माणसाचा नाही. भावकीच्या भांडणात पंधरा वर्षं एकमेकांच्या दारात न गेलेली घरं आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत.

सगळीच पुस्तकं अशी नसतात, हेही सांगते. पुष्कळशी साच्यातली असतात. नायक देवावर रुसलेला, नायिका संकटात, शेवटच्या प्रकरणात दोघं प्रार्थनेला. अशा दहा वाचल्यात की अकरावी आपोआप कळते. त्यात वाईट काही नाही, पण तिथेच थांबू नका. एक कसोटी मात्र मी तुम्हाला देते आणि ती कडक आहे. पुस्तकातला खलनायक केवळ दुसऱ्या धर्माचा आहे एवढ्यासाठी खलनायक असेल, तर ते पुस्तक खाली ठेवा. आणि हीच कसोटी आपल्या मराठी ऐतिहासिक कादंबऱ्यांनाही लावा. तिथे लावायला जड जातं, कारण तिथले विजय आपले असतात, गड आपले असतात, छाती आपली फुगत असते. तरीही लावा. जो लेखक शत्रूच्या तंबूतल्या माणसालाही झोप, भीती आणि आई देतो, त्याच्यावर विश्वास ठेवा.

प्रेमकथा आणि जुना काळ यांबद्दलही कुणी नाक मुरडू नये. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची 'मुक्तामाला' 1861 ची. कारस्थानं, ताटातूट, योगायोग, सगळं भरपूर, आणि लोकांनी ती आवडीनं वाचली. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' 1871 ची, मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी. गुंजीकरही बेळगावकडचेच, जांबोटीचे. काळ शिवाजी महाराजांचा, पण मोचनगड नावाचा किल्ला शोधायला जाऊ नका, तो गुंजीकरांच्या मनातला आहे. आपल्या आपटे वाचन मंदिराची स्थापना 1870 ची. म्हणजे महाराष्ट्रात पहिली ऐतिहासिक कादंबरी तयार होत होती त्याच सुमारास या जहागिरीच्या गावात वाचनालय उभं राहत होतं. गावात यंत्रमाग आला तो त्यानंतर, 1904 साली. पुलंच्या अध्यक्षतेखाली इथे साहित्य संमेलन झालं ते 1974 साली. कापडाचं गाव म्हणून आपल्याला सगळे ओळखतात, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण वाचनाचं गाव आपण यंत्रमागाच्याही आधीपासून आहोत.

आणि ऐतिहासिक कादंबरीला लागणारा मालमसाला तर आपल्या पायाखाली आहे. कोकणातल्या म्हापणच्या एका जोश्यांचा बापाविना वाढलेला मुलगा, नारो महादेव, संताजी घोरपड्यांच्या पदरी येतो. संताजी त्याला मुलासारखा वाढवतात. 1697 साली संताजींचा खून होतो. नारो महादेव त्या घराण्याशी इतका एकनिष्ठ राहतो की स्वतःचं जोशी आडनाव बाजूला ठेवून घोरपडे हे नाव लावतो. इचलकरंजीचं संस्थान त्याच्यापासून सुरू झालं. त्याच्या मुलाला, व्यंकटरावांना, पेशवे बाळाजी विश्वनाथांची मुलगी दिलेली. ही अनूबाई, थोरल्या बाजीरावांची बहीण. 1745 साली व्यंकटराव गेले. त्यानंतर 1783 साली डोळे मिटेपर्यंत या बाईनं इचलकरंजीच्या कारभारावर आपला हात ठेवला. एका बाजूला कोल्हापूर दरबार, तिथे जिजाबाईंसारखी करारी राणी. दुसऱ्या बाजूला पुण्याचं माहेर, त्याचा आधार आणि त्याचा दबाव. मध्ये ही विधवा. यमुनेच्याही शंभर वर्षं आधीची. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी 'इचलकरंजी संस्थानचा इतिहास' 1913 साली छापला आहे, त्यात सनावळ्या आहेत, लढाया आहेत, करारमदार आहेत. पण नवरा गेला त्या रात्री अनूबाई कुणाशी काय बोलली, माहेरी पत्र लिहिताना कुठे थांबली, हे इतिहासकार सांगू शकत नाही. ते कादंबरीकाराचं काम आहे. ती कादंबरी मी अजून वाचलेली नाही, आणि ती या मंडपातल्या कुणीतरी लिहावी असं मला मनापासून वाटतं.

लिहिण्यासाठी वय लागतं असं म्हणू नका. कृपाबाई सत्यनाथन या मराठी मुलीचं उदाहरण घ्या. जन्म 1862, अहमदनगरचा. वडील हरिपंत खिस्ती, ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले. ती मद्रासला वैद्यकीय शिक्षणाला गेली, प्रकृतीनं साथ दिली नाही, शिक्षण सुटलं. मग तिनं इंग्रजीत 'सगुणा' लिहिली. ख्रिस्ती झालेल्या मराठी घरातली मुलगी, तिची आई, आणि आपल्या संमतीविना बदलून गेलेल्या जगाशी त्या आईनं केलेला झगडा. दुसरी कादंबरी 'कमला', तिची नायिका हिंदू. आपल्या धर्माच्या बाहेरच्या मुलीच्या मनात शिरून कृपाबाईंनी एक अख्खं पुस्तक लिहिलं. 1894 साली त्या गेल्या, तेव्हा वय बत्तीस. मराठी घरातल्या या लेखिकेचं नाव महाराष्ट्रात इतकं कमी घेतलं जातं, याचं मला दुःख आहे.

पालकांशी दोन शब्द. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात आपल्या कितीतरी घरांतली माणसं बरी होऊन आली, तेव्हा डॉक्टरचा धर्म कुणी विचारला नाही. पुस्तकाच्या बाबतीतही तेवढाच मोकळेपणा ठेवा. मुलगी काय वाचते हे जरूर विचारा. पण विचारल्यावर बसून ऐका. पुढे काय झालं, तो त्याला सापडला का, तिनं त्याला माफ केलं का, असं विचारा. संध्याकाळच्या चहाला घरात बोलायला यापेक्षा चांगला विषय मिळणार नाही.

विद्यार्थ्यांनो, 'यमुनापर्यटन', 'पण लक्षात कोण घेतो', 'मोचनगड', आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' असा एक संच मी आज ग्रंथपालांच्या हवाली केला आहे. 'स्मृतिचित्रे' कादंबरी नाही, पण 1895 साली नवरा ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाईंची जी वर्षं गेली, ती वाचताना पुस्तक खाली ठेवता येत नाही. 'यमुनापर्यटन'ची भाषा सुरुवातीला अडेल. जुनी वळणं आहेत, वाक्यं लांब आहेत. मोठ्यानं वाचा, दोघी-तिघी मिळून वाचा, म्हणजे अडणार नाही. आणि प्राचार्यांशी माझं ठरलं आहे: अनूबाईंवरच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण जो कुणी किंवा जी कुणी लिहून आणेल, त्यातलं सर्वांत चांगलं पुढच्या वर्षीच्या संमेलनात याच व्यासपीठावरून वाचलं जाईल, आणि त्याचं बक्षीस माझ्याकडून. मजकूर दिवाळीच्या सुट्टीनंतर मराठी विभागात द्यायचा आहे. पानांची मर्यादा नाही.

नाटकातली मुलं रंगभूषा करून केव्हाची विंगेत उभी आहेत, त्यांना आता जास्त ताटकळत ठेवत नाही.